ळ शिकण्याचा उन्हाळा

परवा कूलर खाली काढला. जुनं गवत उपसून नवं भरलं, टाकीत पाणी सोडलं आणि बटण दाबलं. त्यानं आधी घसा खाकरल्यासारखं केलं आणि मग जो सूर धरला तो आता पाऊसपाणी होईपर्यंत सुटायचा नाही. मे महिन्याच्या दुपारी बुऱ्हाणपुरात कुठल्याही गल्लीत जा, माणूस दिसत नाही, फक्त हा घरघराट ऐकू येतो. ओल्या गवताचा वास सुटतो, फरशीवर तुषार उडतात, आणि लोक त्याच्यापुढे चटई टाकून खुशाल घोरतात. मला मात्र कूलर सुरू झालेला आवडत नाही.

त्याचं कारण सई, माझी मुलगी. ती जन्माला आली ती ऐकू न येणारी. तीन वर्षांची असताना ऑपरेशन करून तिच्या कानाच्या आत एक यंत्र बसवलं. बाहेर कानावर छोटा प्रोसेसर, त्याला वायर, आणि वायरीच्या टोकाला डोक्यावर लोहचुंबकानं चिकटणारी गोल चकती. कॉक्लिअर इम्प्लांट हा शब्द आता आमच्याकडे दूधवालाही बिनचूक म्हणतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, मशीन बसवलं म्हणजे झालं, चष्मा लावल्यासारखं. तसं ते नसतं. मशीन ऐकवतं, पण ऐकलेलं ओळखायला शिकावं लागतं आणि ओळखलेलं बोलायला त्याहून जास्त. आणि कूलरच्या आवाजात सगळेच शब्द बुडतात, तुमचेही आणि माझेही, पण आपण बुडालेला शब्द अंदाजानं वर काढतो. सईला तो पहिल्यापासून शोधावा लागतो.

सई आता दहा वर्षांची आहे. परवाच कूलर लावून झाल्यावर तिला शेजारच्या आंटींकडे कात्री मागायला पाठवली. आंटींच्या घरीही कूलर चालू. मी ओट्यावरून ऐकत होते. सई काहीतरी म्हणाली. आंटी म्हणाल्या, "क्या बोली बेटा?" सईनं पुन्हा सांगितलं. आंटींनी पुन्हा विचारलं, प्रेमानंच विचारलं. मग सई म्हणाली, "कुछ नहीं, आंटी," आणि रिकाम्या हातानं परत आली. मला म्हणाली, जाऊ दे, सुरीनं कापू. हे 'जाऊ दे' तिनं अलीकडेच सुरू केलंय. तिच्या तोंडून सगळ्यात स्वच्छ निघणारे शब्द आता हेच आहेत, कुछ नहीं आणि जाऊ दे, आणि याचा मला फार राग येतो. कोणाचा येतो ते मात्र सांगता येत नाही.

असे दिवस आले की मला तो उन्हाळा आठवतो, सई पाच संपून सहाव्यात होती तेव्हाचा. त्या एप्रिलमध्ये मी तिला घेऊन जवळच्या मराठी शाळेत गेले होते. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, स्वभावानं चांगल्या होत्या. त्यांनी सईशी बोलायचा प्रयत्न केला. नाव विचारलं. सईनं सांगितलं, "अई." तिचं नाव मीच हौसेनं ठेवलेलं, आणि त्यातला 'स' तिला येत नव्हता. 'स' म्हणजे निव्वळ हवा, ती मशीनमधून सगळ्यात शेवटी पोचते. बाईंना वाटलं पोर आईला हाक मारतेय. त्या म्हणाल्या, आई आहे ना इथेच, तू नाव सांग. सई पुन्हा म्हणाली, "अई." असं तीनचारदा झालं आणि मग मीच सांगून टाकलं.

निघताना बाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, जूनमध्ये पुन्हा आणा, मी स्वतः तिच्याशी बोलून पाहीन. हिचं बोलणं वर्गातल्या पोरांना आणि बाईंना कळलं पाहिजे, नाहीतर पोर कोपऱ्यात बसून राहील. नाही जमलं तर बाहेरगावी अशा मुलांच्या निवासी शाळा असतात, तिथं चौकशी करा. त्यांनी हे दुष्टपणानं सांगितलं नाही. पण सहा वर्षांची पोर दुसऱ्या गावी ठेवायची, रात्री तिनं मशीन काढून ठेवलं की तिला काहीच ऐकू येत नाही, ती झोपेत दचकली तर हाताला धरायला कोण, हे सगळं माझ्या डोक्यात शाळेच्या फाटकापर्यंत येऊन बसलं. घरी येऊन मी सईच्या पप्पांना एवढंच म्हणाले की जूनपर्यंत हिचं बोलणं परक्या माणसाला कळलं पाहिजे, बस. ते म्हणाले, कळेल. पप्पा लोक असं बोलून ऑफिसला निघून जातात.

म्हणून त्या उन्हाळ्यात आमच्या घरी कूलर बंद असायचा. खरं सांगायचं तर चालू-बंद, चालू-बंद. तास घ्यायचा तर बंद, जीव जायला लागला की चालू. आमच्या घराच्या मागच्या गल्लीत पॉवरलूम आहेत. त्यांची खटखट भिंतीतून येते, आम्हाला ती आता ऐकू येत नाही, सईच्या मशीनला मात्र सगळं सारखंच ऐकू येतं. त्यामुळे आमची खरी शाळा भरायची ती लाईट गेली की. लाईट गेली की कूलर मरायचा, लूम मरायचे, शेजारचा टीव्ही मरायचा आणि सगळ्या मोहल्ल्यातून एकदम हाय-हाय उठायची. लोक बाहेर ओट्यावर येऊन बिजलीवाल्यांना शिव्या घालायचे. मी आत सईला हाक मारायची, "सई, लाईट गेली, ये लवकर." आमच्या अख्ख्या लालबाग मोहल्ल्यात लाईट गेल्यावर खूश होणारी बाई मी एकटीच असेन. सईही पळत यायची. "लाईट गेली" हे तिचं पहिलं पुरं वाक्य. ते ऐकून मला जेवढा आनंद झाला तेवढा पुढे कशानंच झाला नाही.

घामाचा त्रास वेगळाच. चकती केसांतून घसरायची, प्रोसेसर ओला व्हायचा, तो रोज पुसून सुकवायच्या डबीत ठेवायचा. आम्ही दोघी समोरासमोर बसायचो, मधे चित्रं. मी तोंडापुढे हात धरून शब्द बोलायची, म्हणजे तिनं ओठ पाहून ओळखू नये, ऐकून ओळखावा. माझ्या कोपरावरून घाम चित्रांवर पडायचा. हे सगळं इंदूरच्या मॅडमनी शिकवलेलं. त्या स्पीच थेरपिस्ट, इंदूरच्याच मराठी घरातल्या, आठवड्यातून एकदा मोबाईलवर व्हिडिओ कॉल करून सईचा तास घ्यायच्या. बोलणं गोड, पण सुटका नाही. एखादा आवाज चुकला की त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही, फक्त त्या तो शब्द पुन्हा विचारायच्या. मला त्या पुन्हा विचारण्याची धास्ती बसली होती.

मेच्या सुरुवातीला आबा आले. आबा म्हणजे माझे वडील, फोपनारचे, जन्मभर केळी लावणारा माणूस. मोतीबिंदूचं ऑपरेशन बुऱ्हाणपुरात झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं की निदान दीड-दोन महिने शेतातल्या धुळीत जायचं नाही. म्हणून ते आमच्याकडे. काळा चष्मा लावून पुढच्या खोलीत खाटेवर बसलेले. आबांना गप्प बसणं माहीतच नव्हतं. शेतात ते पाण्याच्या मोटरीशी बोलायचे, केळीच्या घडाशी बोलायचे, रस्त्यानं जाणाऱ्याला ओळख नसली तरी थांबवून बोलायचे. आता ना मोटर, ना घड, ना रस्ता. उरली सई. त्यांनी तिला धरून ठेवली.

त्यांचा विषय एकच, डोळा. "हे पाह्य, हा माहा डोया. यात डॉक्टरनं काच बसवली. तुह्या कानात मशीन, माह्या डोयात काच. आपण दोघंबी दुरुस्तीचा माल." सईला यातलं किती कळायचं देव जाणे, पण ती त्यांच्या मांडीशी बसून चष्म्याच्या आत वाकून बघायची. फोपनारहून कोणी आलं की केळी यायची. आबा एकेक केळ सोलून तिच्या हातात द्यायचे आणि सोलताना त्या केळाची सगळी हकीकत सांगायचे. कोणत्या वावरातलं, त्या वावराला पाणी कुठून, वाऱ्यानं पानं कशी फाटली. एकच गोष्ट दहा वेळा. मी आतून ओरडायची, आबा, ती दमेल. ते म्हणायचे, पोरगी नाही दमत, मी दमतो तं मी थांबतो. आणि थांबायचे नाहीत.

मग त्या आठवड्याचा मॅडमचा तास आला. चित्रांवर चित्रं. मॅडमनी डोळ्याचं चित्र दाखवलं. सई म्हणाली, "डोया." केळीचं दाखवलं, "केयी." काळा रंग, "काया." पोळी, "पोयी." शेवटी मण्यांची माळ दाखवली तर सई म्हणाली, "माय." मला भरून आलं. मला वाटलं तिनं तास सोडून माझ्याकडे वळून मला हाक मारली, आमच्या फोपनारकडे आईला माय म्हणतात. मी तिचा मुका घेतला. मॅडम म्हणाल्या, ताई, ती माळ म्हणतेय.

मग त्यांनी समजावून सांगितलं. सईला 'ल' येतो, लाईट, लाल, लवकर, सगळं ठीक. पण 'ळ' च्या जागी ती प्रत्येक वेळी 'य' टाकते, एकदाही चुकत नाही. ळ उशिरा येतो हे खरं, पण मुलं त्याचा बहुतेक ल करतात, य नाही करत. तो आवाज तिच्यापर्यंत वेगळाच पोचत असेल का ते पाहायला हवं. मॅपिंग, म्हणजे मशीनची जुळणी, पुन्हा तपासू, इंदूरला या. आणि शाळेचं जवळ आलंय तर तोपर्यंत ळ वर मेहनत घ्या.

मला रात्रभर झोप नाही आली वगैरे म्हणणार नाही, उकाड्यानं तशीही येत नव्हती. पण त्यानंतरचे पंधराएक दिवस मी भीतीतच काढले. आतलं काही बिघडलं असेल, एखादी तार सुटली असेल, इतकी वर्षं ही भलतंच काही ऐकत असेल आणि आम्ही शहाणे टाळ्या वाजवत असू. मी तिच्यापुढे बसून म्हणायची, केळी. ती म्हणायची, केयी. पुन्हा केळी. पुन्हा केयी. तिच्या डोळ्यांत एक प्रश्न असायचा, की मी तेच तर म्हणतेय. मला तो प्रश्न दिसायचा आणि मी पुन्हा केळी म्हणायची.

आणि मग एका दुपारी लाईट गेली. कूलर मेला, लूम मेले. मी हात पुसत सईला हाक मारायला पुढच्या खोलीच्या दारात आले आणि थांबले, कारण दोघं बोलत होती. सई त्यांच्या चष्म्यावर बोट ठेवून म्हणाली, "आबा, डोया दुखते?" आबा म्हणाले, "नाही दुखत आता. डोया बरा हाय." दोघांचा सूर एक, शब्दाला दिलेली ओढ एक, शेवटचा 'या' ओठांत अर्धा ठेवायची सवयही तीच. माझ्या लक्षात आलं ते त्या शांततेतच. सई चुकत नव्हती. तिनं जे ऐकलं ते अगदी तंतोतंत उचललं होतं. आमच्या फोपनारला ळ नाहीच. केळी लावणारं अख्खं गाव केळीला केयी म्हणतं. आणि मला, त्याच गावात जन्मलेल्या मला, आबांच्या बोलण्यातला तो य ऐकूच येत नव्हता, पॉवरलूमची खटखट येत नाही तसा.

मला ळ कसा आला तेही तेव्हा आठवलं. मी बी.ए. करायला नाशिकला मावशीकडे राहिले. पहिल्या आठवड्यात फळवाल्याला म्हणाले, दादा, सहा केयी द्या. तो म्हणाला, काय? मी पुन्हा म्हणाले. बरोबरच्या मुली खोखो हसल्या. मग मी वर्षभर मनातल्या मनात प्रत्येक शब्द आधी तपासायची आणि मग तोंडातून सोडायची. हळूहळू ळ आला, इतका आला की एकदा मी सगळ्यांसमोर गाईला गाळ म्हणाले. आता कोणी मला ओळखत नाही की मी कुठली. मी शिकवण्या घेते, पोरांची मराठी तपासते. फोपनारला गेले की मात्र जीभ आपोआप घरी जाते, मला न विचारता.

मी लगेच मॅडमना फोन लावला. हात ओले होते म्हणून फोन खिडकीत ठेवून स्पीकरवर टाकला. आनंदानं नुसती ओरडत होते. मॅडम, ती बरोबर बोलतेय, ती आबांचं बोलते, आमच्याकडे सगळे असंच बोलतात. पलीकडे मॅडम हसल्या, आणि मी त्यांना पहिल्यांदाच असं मोकळं हसताना ऐकलं. म्हणाल्या, ताई, यापेक्षा चांगली बातमी नाही. म्हणजे तिला इतका बारीक फरक ऐकू येतो. मशीन उत्तम चाललंय. मग त्या म्हणाल्या, पण शाळेतल्या बाईंना हे कळणार नाही हो. बोलण्यात आधीच स नाही, त्यात ळ नाही, परकं माणूस एवढं भरून काढत नाही. घरात ज्यांच्याकडून हे येतंय त्यांना सांगा, जूनपर्यंत तिच्यासमोर जरा सांभाळून बोला. मी हो म्हणाले. आबांना मी काही सांगितलं नाही, सांगणारही नव्हते. बापाला कोणत्या तोंडानं सांगायचं की तुमची बोली आवरा. फोन स्पीकरवर होता आणि ते दोन हातांवर खाटेवर बसले होते, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आबा थकल्यासारखे दिसू लागले. सई जवळ गेली की तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे, केळ सोलून द्यायचे, हं म्हणायचे. ती त्यांची हनुवटी धरून चेहरा स्वतःकडे वळवायची. ऐकू न येणारी पोरं असं करतात, माझ्याकडे बघून बोल असं त्यांना म्हणायचं असतं. आबा हसायचे आणि मान हलवायचे. मला वाटलं उन्हाचा त्रास असेल, या वयात माणूस उन्हानं मलूल होतोच. त्या आठवड्याअखेर ते म्हणाले, केयीची कापणी आली, मी जातो. मी म्हटलं, डॉक्टरांनी धुळीत जाऊ नका सांगितलंय, आणि कापणी पाहायला दादा, माझा भाऊ, आहे की. ते म्हणाले, दादा हाय पण माहं मन नाही लागत इथं. सकाळच्या बसनं गेले. सई दारात उभी राहून बस गेली त्या बाजूला बराच वेळ बघत होती. मी तिला आत घेतलं, कारण लाईट गेली होती.

मग ळ शिकवला. त्याची गंमत सांगते. टाळूला जिथं ळ बोलताना जीभ लागते तिथं मी बोटानं गुळाचा खडा चिकटवायची आणि सईनं जिभेचं टोक वळवून तो चाटायचा. आरशात दोघींची तोंडं उघडी, जिभा वळलेल्या, दोघी घामानं निथळतोय. आधी ती फक्त गूळ खायची. मग एक दिवस जीभ बरोबर जागी लागली आणि तिच्या तोंडून गुळगुळीत ळ बाहेर पडला. मग तो कुठेही पडू लागला. पायाला पाळ, चहाला चाळ. गल्लीतल्या गाईकडे बोट दाखवून तिनं मोठ्यानं सांगितलं, "गाळ दूध देते." मी हसता हसता ओट्यावर बसलेच, आणि मग एकदम हसू थांबलं. ही माझ्याच वाटेनं चालली होती.

या दिवसांत एक गोष्ट मला दिसत होती आणि मी ती बघत नव्हते. सईचे शब्द रोज स्वच्छ होत होते आणि बोलणं कमी होत होतं. चित्र दाखवलं की नाव सांगायची, चित्र उचललं की गप्प. आबा असताना ती दिवसभर काहीबाही बडबडायची, अर्धं कळायचं, अर्धं नाही. आता सगळं कळायचं, पण कळण्यासारखं फार काही नसायचं. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, मोठी वाक्यं ऐकवा, गोष्टी सांगा. मी गोष्टी सांगायची. पण माझ्या गोष्टीत प्रत्येक वाक्यानंतर एक प्रश्न असायचा, आणि पोरांना ते लगेच ओळखू येतं.

आजही हाच विचार छळतो. स्पष्ट बोलणं म्हणजे नेमकं काय? परक्याला कळलं की स्पष्ट, हे माप मी स्वतःच त्या उन्हाळ्यात घरात आणलं. ते चूक होतं असं म्हणायची माझी हिंमत नाही. जगात परकेच जास्त. दुकानदार परका, डॉक्टर परका, उद्या नोकरी देणारा परका, कात्री देणारी आंटीसुद्धा कूलर चालू असला की परकीच. त्यांच्यासाठी स्वच्छ शब्द लागतात. पण बोलावंसं वाटणं हे वेगळंच काही असतं, आणि ते गूळ लावून शिकवता येत नाही. सई आज कुछ नहीं म्हणते तेव्हा मला वाटतं, हिच्याकडे शब्द आहेत, पण शब्दांमागचा तो धक्का कुठेतरी ओसरतोय. तो तेव्हाच ओसरायला लागला का, हे मला कळत नाही, आणि विचारायचं कोणाला तेही नाही.

जूनच्या मध्यावर आम्ही मोठ्या बाईंकडे गेलो. वळवाचा एक वारा येऊन गेलेला, फोपनारकडे केळी आडव्या झाल्याची बातमी होती, हवेत नुसता दमटपणा. बाईंच्या खोलीत पंखा मोठ्यानं करकरत होता. मी भीतभीत विचारलं, पंखा थोडा वेळ बंद केला तर चालेल का. बाईंनी स्वतः उठून बंद केला आणि पदरानं वारा घेत बसल्या. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे.

त्यांनी चित्रांचं पुस्तक उघडलं. केळी. डोळा. फळा. गाईपाशी सई अडखळली, माझ्याकडे पाहिलं, जीभ वर गेली आणि पुन्हा खाली आली. "गाय," ती म्हणाली. नाव विचारलं तेव्हा 'स' पुरता आला नाही, पण आईला हाक मारतेय असंही कोणाला वाटलं नसतं. बाईंच्या चेहऱ्यावरची काळजी पानागणिक उतरत होती ते मला दिसलं. शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं आणि सहज विचारलं, घरी कोण कोण असतं गं तुझ्या?

"आई. पप्पा," सई म्हणाली. मग ती थांबली. मला वाटलं संपलं. पण ती बाईंकडे थोडी पुढे झुकली, तशी आबांकडे झुकायची तशी, आणि कोणी न शिकवलेलं वाक्य तिनं सावकाश पुरं केलं. "आबा गावी गेले. आबा माह्याशी नाही बोलत."

बाईंनी तिला पुन्हा विचारलं नाही, सगळं पहिल्याच वेळी कळलं होतं. त्या म्हणाल्या, नाव घालून टाकू, सोमवारपासून पाठवा. आणि मग माझ्याकडे वळून, जरा हलक्या आवाजात, "का हो, आबा का नाही बोलत हिच्याशी?"

तेव्हा मला खिडकीतला फोन आठवला, त्यातून येणारा मॅडमचा आवाज आठवला, आणि खाटेवरचा काळा चष्मा. दुसऱ्या दिवसापासूनची ती मान हलवणी. माझ्या बापानं नातीची बोली बिघडू नये म्हणून स्वतःचं तोंड मिटलं होतं आणि मला वाटत होतं त्यांना ऊन बाधलंय. बाईंना काहीतरी नीटसं, शहाण्या पालकासारखं सांगायचं होतं. तोंडातून निघालं ते असं, "बोलतीन, बाई. उद्या सकायीच जातो आम्ही फोपनारले."

सईनं माझी हनुवटी धरली, माझा चेहरा स्वतःकडे वळवला आणि मी पूर्ण उन्हाळा तिच्याशी ज्या धीरानं बोलले होते त्याच धीरानं मला म्हणाली, "सकायी नाही, आई. सकाळी."

ळ अगदी स्वच्छ होता.